आईचं नाव

दमिएत्ता, १४ नोव्हेंबर

लाडक्या नजलास,

वगदीचा सलाम आणि अनेक आशीर्वाद. तू आणि मुलं खुशाल असाल. इथे थंडी सुरू झाली, पेरू उतरलेत, गल्लीभर वास आहे. शेजारची उम्म हमदी मुलाकडे, हमदीकडे, तुमच्या कुवेतला निघाली आहे, तिच्याच हाती हे पत्र देतोय. फाडू नकोस. निदान अक्षर तरी ओळख, ते तुला मीच गिरवायला शिकवलं होतं.

काल आईला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा केला. कुराण पढणारा चांगला मिळाला. बायका विचारत होत्या, "नजला कुठाय?" मी म्हटलं, रजा मिळाली नाही.

तुझा निरोप हमदीने कळवला. "आईच्या आजारावर पैसे उकळणारा माझा भाऊ नव्हे." नजला, ते पैसे मी मागितले नाहीत. "आई बरी आहे, येऊ नकोस, ऑपरेशनला पैसे धाड," हे मी लिहिलेलं नाही. "माझा जुना नंबर चोरीला गेलाय, त्यावरून फोन आला तर घेऊ नकोस," हेही माझं नव्हे. आपण ज्यावर लिहायचो त्या माझ्या ऑनलाइन खात्यात शिरून, माझ्या फोटोआडून, माझ्या नावाने दुसराच कोणी तुझ्याशी बोलत होता.

त्याला आत मीच घेतलं. आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी मशिदीच्या ऑनलाइन पानावर मी लिहिलं, "माझी आई फौकिया, सकीनाची लेक, हिच्यासाठी दुआ करा." आजाऱ्याची दुआ त्याच्या आईचं नाव घेऊन मागतात, म्हणून आजीचंही नाव घातलं. खाली माझा फोन नंबर दिला. आणि पासवर्ड विसरला तर विचारतात तो माझ्या खात्याचा गुप्त प्रश्न काय होता? तुमच्या आईचं नाव! मला वाटायचं, याहून पक्कं कुलूप नाही. आईचं नाव घराबाहेर जाऊ द्यायचं नाही ही आपली रीत; शाळेत पोराच्या आईचं नाव फुटलं की वर्षभर त्याची धिंड निघायची. मी मार खाल्ला, पण नाव सांगितलं नाही. तेच नाव या वयात चव्हाट्यावर मांडलं. खाली शेकडो लोकांनी आमीन लिहिलं. त्यातलाच एक असणार.

नंतर त्या खात्याच्या कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, "हाजी, खातं तर चालू आहे. तुम्ही तासाभरापूर्वीच वापरलंत."

"पोरी, तो मी नव्हे."

"मग आईचं नाव सांगा."

मागे रांग होती. मी हळूच सांगितलं.

"मोठ्याने बोला ना, हाजी, ऐकू येत नाही."

मोठ्याने सांगितलं. मागचे हसले. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "चुकलं."

त्याने उत्तर बदललं होतं. माझ्या आईचं नाव मला येत नाही, असं त्या पोरीने चारचौघांत ठरवलं आणि मी मान खाली घालून बाहेर आलो. चौकीतला हवालदार तर म्हणाला, "आधी तुम्ही तुम्हीच आहात याचा पुरावा आणा." ओळखपत्र पुढे केलं. "हे काय, कोणीही छापतं हल्ली."

आता जे इतका वेळ टाळतोय ते लिहितो.

ईदला घरावरून आपलं वाजलं होतं. आई आजारी पडल्यावर तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मला वाटलं, केवढा हा ताठा! उम्म हमदी म्हणाली, "अरे, माझ्या हमदीला सांग, तो तिच्या दारात जाऊन उभा राहील." मी म्हटलं, "काही गरज नाही. आईची पडली असेल तर करील फोन." नऊ दिवस हातात होते, नजला. ते चोराने नेले नाहीत. आई रोज विचारायची आणि मी सांगायचो, विमानात बसली. शेवटच्या दिवशी तिने केस विंचरून घेतले, तू येणार म्हणून.

कुठली खूण पटवू तुला? आपल्या लहानपणीच्या सगळ्या गोष्टी आपण त्या खात्यावरच लिहिल्या होत्या. त्या आता तोही वाचतो. कालच त्याने माझ्या नावाने आईच्या फोटोखाली दुआ लिहिली. माझ्यापेक्षा बरी लिहिली.

दुसरी सही माझ्याजवळ उरली नाही. ही त्यालाही ठाऊक आहे, तरी हीच करतो.

फौकियाचा मुलगा,
वगदी