पुलाच्या पलीकडची मेंढरं

मी, सायलस पेंगेली, वय एकाहत्तर, टॅलोरा पुलावरचा निवृत्त जकात अंमलदार, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे स्वहस्ते लिहितो. छातीचं मात्र खरं नाही. डॉक्टर म्हणतो, हा उन्हाळा निघणं कठीण.

एक. गाड्यांतल्या गवतात लपवलेला माल खुपसून शोधायची माझी लोखंडी सळई दुकानदार बार्नबस ट्रूडो याला द्यावी. वीस वर्षं त्यानं नदीपलीकडच्या वसाहतीतून चोरून चहा आणला, आणि सहा वसाहतींचा एक देश झाला तेव्हा त्याच पुलावर उभं राहून बंधुभावावर तासभर भाषण ठोकलं.

दोन. जकातीचा शिक्का चुलीत घालावा. गेल्या ऑक्टोबरात तार आली, जकात उठली, आडवा बांबू मीच वर केला. शिक्का कोणी परत मागितला नाही.

तीन. राहतं घर, नासपतीची बाग आणि बँकेतली शिल्लक धाकटा भाऊ जेबेझ याची विधवा थर्झा हिला मिळावी. कारण लिहिणं भाग आहे.

सत्त्याण्णवच्या दुष्काळात जेबेझ पलीकडून मेंढ्या घेऊन आला. आमच्या काठावर गवत होतं. परवाना चारशेचा होता, मी मोजल्या चारशे बारा. बारा कोकरं वाटेत जन्मली होती, एकाची नाळही वाळली नव्हती. मला ते दिसत होतं. तरी मी बांबू खाली टाकला आणि मेलबर्नला पत्र लिहिलं.

"दादा, सगळ्यांचा एकच देश होणार म्हणतात," जेबेझ म्हणाला. "तोवर मेंढरांनी काय नकाशे खायचे?"

"नियम माझ्या घरचा नाही," मी म्हणालो.

उत्तर नवव्या दिवशी आलं: सोडा. सोडायला एकतीस उरल्या होत्या. दोन दिवसांनी जेबेझ पुलाखाली पाण्यात सापडला. माझ्यामुळे मेला. दुसऱ्या कोणावर ढकलण्यासारखं त्यात काही नाही.

इथवर लिहून झाल्यावर मी थर्झाला बोलावलं. चार वर्षांत पहिल्यांदा ती पूल ओलांडून आली. बसली नाही. वकील लॉकयर यांनी तिला कलम वाचून दाखवलं.

"साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही म्हणतात. खरं का, वकीलसाहेब?"

"खरं आहे. म्हणून तर सहीला लोहार बोलावलाय."

"त्याला जाऊ द्या घरी. टाक द्या इकडं."

"थर्झा, अगं घर आहे ते," मी म्हणालो.

"असू दे, भावजी. माझ्या माणसानं नऊ दिवस तुमच्याकडं नुसतं गवत मागितलं होतं."

चार. कलम तीन मी खोडत नाही. ते कायद्यानं रद्द होईल. मला मूलबाळ नाही, दुसरं कोणी नाही. तेव्हा सगळं सरकारजमा होईल. मी जन्मभर कायद्यानं चाललो, याही वेळी चालतो.

आम्ही तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

सायलस पेंगेली

साक्षीदार:
एडविन लॉकयर, वकील
थर्झा पेंगेली, जेबेझची बायको

टॅलोरा, व्हिक्टोरिया, ९ डिसेंबर १९०१