भट्टीचं झाकण

६ एप्रिल ९२, सोम.
डबा कंपनीतून परत आला. परवाच पाडव्याला हार घातला होता त्याला, काय उपयोग. आत बोटभर क्रिस्टल थरथरतो, त्याच्या ठेक्यावर टेलिफोन एक्स्चेंज चालतं. बाहेर ऊन असो की गारठा, त्याला आत एकसारखं गरम ठेवायचं. म्हणून आम्ही डब्याला भट्टी म्हणतो. आमच्या भट्टीत दुपार झाली की ठेका सरकतो. कंपनीचे साहेब म्हणे, आता फॉरेनचा माल खुला झालाय, तुमच्यासाठी का थांबू? पुढच्या गुरुवारी शेवटची तपासणी. नापास तर विद्यानगरचं आमचं शेड बंद. भाऊजी पुण्याला नोकरी धरतील, यांचं ऑफिस आहेच. मी चौथी पास. आता कुठं हातात सोल्डरिंग आलंय, परत नुसत्या भेंड्या चिरायच्या? नक्को.

७, मंगळ.
भाऊजींशी वाजलं. ताप मोजायचा मणी त्यांनी हीटरला चिकटवलेला. म्हटलं, ताप लेकराला आन् थर्मामीटर चुलीला? क्रिस्टलजवळ न्या. नेला बिचाऱ्यांनी.

८, बुध.
आणखी बिघडलं. मण्याला कळेपर्यंत हीटर भडकलेला, मग एकदम गार. कागदावरची तापाची रेघ झोक्यासारखी वरखाली. भाऊजी हसले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "वहिनी, उष्णता पोचायला वेळ लागतो ना."
वेळ लागतो तेच तर मला सोसत नाही.

१०, शुक्र.
त्यांनी हीटरचा जोर कमी केला. झोका थांबला, पण मधूनच रेघ धपकन खाली. का ते कळेना. हे जेवणाचा डबा घेऊन आले, दारातच उभे राहून बघत होते.
"अगं, तू सारखं झाकण उचलतेस. भाताचंही तेच. म्हणून कच्चा राहतो."
भाऊजी हसून खुर्चीवरून पडायचे बाकी. मेला भात. पण खरंय.

११, शनि.
भाऊजींना सुचलं! मणी, हीटर, क्रिस्टल, तिघं एकाच जाड तांब्यावर बसवायचे. एका ताटात जेवले की कुणी आधी कुणी मागून नाही. तांबं आणायला जामबागेच्या बाजारात जाऊन येईपर्यंत कोण थांबतं? देवघरातलं ताम्हण आणून दिलं. हे म्हणाले, देवाचं आहे. म्हटलं, देव स्टीलच्या ताटलीत बसतील, त्यांना घाई नाही. करवत मीच चालवली.

१३, सोम.
सरळ!! कूलर समोर लावला, सरळ. भर दुपारी पत्र्याखाली ठेवला, सरळ. भाऊजी टेबल बडवत होते. झाकणाला मी टेप गुंडाळली. माझ्याच हातांसाठी.

१६, गुरू.
कंपनीत. डबा त्यांच्या गार-गरम तपासायच्या कपाटात, आधी बर्फासारखं गार, बाहेर कागदावर पेन. रेघ तारेसारखी. शेवटी साहेबांनाच राहवेना, कपाटाचं दार उघडायला गेले. मी मनगटच धरलं.
"साब, चावल पकने दो."
भाऊजी पांढरेफटक. साहेब म्हणाले, "अम्मा, चावल तुम्हारा, चूल्हा मेरा." पण हात काढला.
गरमची पाळी बाकी आहे. उद्या त्यांना सुट्टी, कपाट चालूच राहणार. निकाल शनिवारी.

घरी येऊन भात ठेवलाय. हे मागं येऊन झाकणाकडे बघतायत. दोन्ही हात पदरात गुंडाळून बसलेय