वाढवलेला दिवा

४ जानेवारी
व. सकाळी मला ‘बाई’ म्हणाला. मग चूक कळून नवऱ्यासारखा हसला.
निखिलने दाराला बसवलेला सेन्सर चालतोय. दार उघडलं की स्वयंपाकघरात घंटा, म्हणजे व. एकटा निघाला तर कळतं. आज डोक्यावरून न्हायले, सावकाश. लेकाचे उपकार मानू नयेत म्हणतात. मी मानते.

६ जानेवारी
दोन ब्लॉक जोडलेलं घर. दिवे, पंखे, पडदे, दाराचा सेन्सर, सगळं निखिलने वायफायच्या एका डबीला जोडलेलं. ती पन्नासाच्या वर उपकरणं घेत नाही. पन्नास भरले.
नणंदबाईंनी, आक्कांनी, निखिलला फोन लावून घेतला. “देवघरातला दिवा तेवढा वाढव रे.” तो बरं म्हणाला.

७ जानेवारी
व.ला दवाखान्यात नेलं होतं. निखिल लालबागहून परस्पर येऊन गेला. देवघरात आता विजेचे दोन दिवे. आक्कांनी ते पाहिले. पोराने हौसेने लावला, कशाला बोला, म्हणाल्या.

९ जानेवारी
आमटीला फोडणी देत होते. घंटा नाही, म्हणजे व. आत. बाहेर आले तर दार सताड उघडं.
पार्कात धावले. क्रिकेटच्या नेट्सजवळच्या कट्ट्यावर होता. शेजारी सावंत, रोज फिरायला येणारे. त्यांनी त्याला घर कुठे ते विचारलं नाही. स्कोअर विचारत राहिले, म्हणून तो उठला नाही.
न सांगता का आलास, म्हटलं.
“येतो म्हटलं की मी.”
कुणाला? दिवे लाव म्हणून सांगतो, त्या हॉलमधल्या स्पीकरला.
रात्री दोनदा उठून पाहिलं. तो घोरत होता. तेवढं पुरे.

१० जानेवारी
उलगडा. डबी भरलेली, नवा दिवा जोडायला निखिलने एक काढलं. यादीत बिननावाचं होतं, जुना पंखा असेल म्हणून. ते दार होतं.
“आत्याच म्हणाली ना, दिवा वाढव.”
आक्का : “अरे, काढ म्हणत होते. तो मेला आपोआप लागतो, समईचा उजेड मरतो. पण देवापुढचा दिवा विझव, काढ, असं तोंडाने म्हणतात का?”
निखिल हसला. मग उठून दाराला आतून कडी घातली. मी त्याला चहा दिला. जन्मभर शाळेत भाषा शिकवली. हे क्रियापद घरातच बसलेलं, लेकाला शिकवायचं राहिलं.

१२ जानेवारी
देवघरातले दोन्ही दिवे वाढवले. आक्कांच्या अर्थाने. पडदेही डबीतून गेले, हाताने ओढू. दार परत जोडलं, त्याला नाव दिलं : दार. डबीत काही जागा रिकाम्या ठेवल्यात.
सावंतांकडे घावणे दिले. म्हणाले, “सोडत जा हो त्यांना थोडं. मी असतो तिथे.”
सोडावं? इतकी वर्षं तो स्वतःच्या पायांनी

घंटा वाजली. वहाणा घालतोय.
येते.