पाचव्या थांब्यापर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून नवं आयुष्य. सायकल काल घरी आली. एकवीस गियर. दुकानदार म्हणाला, काका, तुम्हाला साधी पुरे. त्याला काय माहीत. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये काढली आहेत. या शहरातला प्रत्येक पाइप माझ्या पेन्सिलीखालून गेलाय. शहर मला बसल्या जागी पाठ आहे, आता फक्त त्यावरून फिरायचं.
संकल्प: रोज साडेपाचला उठणे. कालव्याच्या काठाने सायकल. चहात साखर बंद.
आज उठायला साडेसहा झाले. सायकल आल्याच्या आनंदात झोपच लागली नव्हती. उद्यापासून.

५ फेब्रुवारी, बुधवार
कालव्याची वाट झकास. सपाट, झाडं, गाड्यांचा त्रास नाही. दहा मिनिटांत मोठ्या पुलाजवळची बेकरी आली. दम लागला नव्हता, उगाच थांबावंसं वाटलं. एक क्रीम बन खाल्ला. व्यायामानंतर शरीराला लगेच काहीतरी द्यावं लागतं असं वाचलंय. बेकरीवाला लाघवी माणूस, दुसरा बन न विचारता पुढे केला. मन मोडवेना.
जाऊन येऊन चार किलोमीटर. ही म्हणाली, घाम कसा नाही आला? वाऱ्याने वाळला.

९ फेब्रुवारी, रविवार
अक्काकडे जाऊन आलो. अक्का म्हणजे हिची मोठी बहीण. कालव्याच्या पलीकडे, पार टोकाला तिची बेकरी. बसने गेलो, कारण ही बरोबर होती आणि या वयात डबलसीट बरं दिसत नाही.
साडूसाहेब गेल्यापासून अक्का भट्टी एकटी सांभाळते. नवा रस्ता झाला तसं बाहेरचं गिऱ्हाईक तिकडून वळलं. दुपारचे बारा, तरी निम्मे पाव फळीवर. पाव काय सुंदर, अजून कोमट होते. चौकातल्या केकवाल्या बाई दुकान भट्टीसकट घ्यायला तयार आहेत, अक्काला भट्टीवर तशीच ठेवणार आहेत. अक्काचं मन होकाराकडे झुकलेलं. 
मला राहवेना. म्हटलं, स्वतःच्या भट्टीवर दुसऱ्याची नोकरी कशाला? मार्चअखेरपर्यंत त्या बाईंना थांबवा. गिऱ्हाईक मी आणतो.
अक्काने फळीवरच्या पावांवर फडकं टाकलं. मग म्हणाली, "भाऊजी, तुम्ही म्हणताय म्हणून थांबते."
अभिमान वाटला. गिऱ्हाईक कुठून आणायचं ते परतीच्या बसमध्ये सुचलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
कालवा सायकल मार्ग. पाच थांबे. एक: पुलाजवळची बेकरी. दोन: किल्ल्या बनवणारा. तीन: छत्र्या दुरुस्त करणारे आजोबा. चार: रोपवाटिका. पाच: अक्काची बेकरी, तिथे सगळ्यांचा नाश्ता. छोट्या धंद्यांना हातभार, लोकांना व्यायाम, अक्काला गिऱ्हाईक. एका दगडात किती पक्षी ते मोजत बसलो नाही.
कपाटातून ऑफिसचा जुना नकाशा काढला. खाली कोपऱ्यात माझीच सही. रोपवाटिकेच्या मागे कालव्याला आडवी जाणारी दुहेरी रेघ आहे. छोटा पूल. तो ओलांडला की समोर अक्काचं मागचं दार. घरापासून फक्त नऊ किलोमीटर. एवढा सरळ मार्ग कुणाला दिसला नाही याचं नवल वाटतं. नकाशा वाचता यावा लागतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पूर्ण मार्गाची ट्रायल. समोरून वारा होता. पहिल्या थांब्यावरून परत. दोन बन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ट्रायल. मागच्या चाकात हवा कमी वाटली. पंक्चर नव्हतं असं नंतर कळलं, पण धोका कशाला पत्करा. पहिल्या थांब्यावर हवा भरून मिळते. बन एकच. दुसरा अर्धा ठेवला होता, तो जाताना खाल्ला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
तिसऱ्या थांब्यापर्यंत मजल. छत्रीवाल्या आजोबांना योजना समजावून सांगितली. ते म्हणाले, सायकल दाराच्या आड लावू नका. हा माणूस हळूहळू खुलेल.
उजवा गुडघा बोलतोय. पुढचं नकाशावर आहेच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
डॉक्टरांकडे. वजन दोन किलोने वाढलंय. त्यांना म्हटलं, स्नायू असणार. त्यांनी लिहिणं थांबवून माझ्या पोटाकडे पाहिलं. पुस्तकी माणूस.

३ मार्च, सोमवार
शुक्रवारी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तीन दिवसांत एकतीस मेंबर. तारीख ठरली: रविवार, १६ मार्च. सगळ्यांनी अंगठे दाखवले. फक्त शेजारच्या इमारतीतल्या गणिताच्या बाईंनी विचारलं की तुम्ही स्वतः पूर्ण मार्ग सायकलने केला आहे का. मी उत्तर दिलं, नकाशा माझ्या सहीचा आहे. त्यावर त्यांनीही अंगठा दाखवला.
अक्काला फोन केला. म्हटलं, एकतीस माणसं, भुकेलेली. ती म्हणाली, मग पीठ जास्त सांगते. आवाजात कितीतरी दिवसांनी जोर होता. केकवाल्या बाईंचा निरोप आला होता, तर म्हणाली, रविवार जाऊ दे मग सांगते असं कळवलंय.

८ मार्च, शनिवार. रात्री
ही म्हणाली, एकदा तरी त्या वाटेने अक्काकडे जाऊन या. शब्दाला शब्द वाढला. मी म्हटलं, तीस वर्षं ज्या माणसाच्या नकाशावर शहराला पाणी मिळालं त्याच्यावर तुझा विश्वास नाही? तिने पांघरूण ओढून घेतलं.
उद्या जाऊन येतोच. तिच्या समाधानासाठी.

९ मार्च, रविवार
पाहुणे आले. गेलो नाही.

१५ मार्च, शनिवार
उद्या. शर्ट इस्त्री करून ठेवला. शिट्टी घेतली. ही आजच अक्काकडे गेली, मदतीला. घर शांत. नकाशा पुन्हा एकदा पाहिला. दुहेरी रेघ जरा अरुंद वाटते. पूल अरुंद असेल. एकेक करून जाऊ.

१६ मार्च, रविवार. दुपारी
लिहावंसं वाटत नाही. पण नोंद हवी.
एकोणीस जण आले. एकतीसपैकी एकोणीस वाईट नाही. पहिल्या थांब्यावर मी कुणाला उतरू दिलं नाही, म्हटलं, नाश्ता शेवटी आहे, भूक राखून ठेवा. किल्लीवाल्याचं दुकान बंद. छत्रीवाले आजोबा बाहेर येऊन बघत राहिले. रोपवाटिकेपर्यंत सगळे खूश होते. मी सर्वांत मागे होतो, पण लीडरने कधीकधी मागेच राहायचं असतं.
रोपवाटिकेच्या मागे कालवा आला. पूल नाही. पाइप आहे. दोन फुटी, गंजलेला, या काठावरून त्या काठावर. पाणीपुरवठ्याच्या नकाशात दुहेरी रेघ म्हणजे पाइप. हे मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार. तो मीच काढलाय.
पलीकडे अक्काचं मागचं दार सताड उघडं. टेबलावर पांढरी चादर, त्यावर ताटं झाकून ठेवलेली. ही आणि अक्का दोघी उभ्या. अक्काने चांगली साडी नेसली होती. आम्हाला पाहून दोघींनी हात हलवले. एकोणीस जणांनी परत हात हलवले. मग सगळे माझ्याकडे वळले.
गणिताच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्ही इथे आधी आला होतात का?"
मी म्हटलं, या बाजूने नाही.
अक्का काठापर्यंत आली आणि ओरडून सांगू लागली की मागे मोठ्या पुलावर जा, तिथून नव्या रस्त्याने या, फार लांब नाही. मग बोटाने दाखवू लागली. कुणीतरी फोनवर अंतर पाहिलं. मागे सात, पुढे आठ. ऊन चढलं होतं. एकाने आईला दवाखान्यात न्यायचं असल्याचं सांगितलं. मग बऱ्याच जणांना काही ना काही आठवलं.
मी शिट्टी वाजवली. का वाजवली ते कळलं नाही.
परतीच्या वाटेवर सगळे पुलाजवळच्या बेकरीत शिरले. भूक राखून ठेवलेलीच होती. पाऊण तासात त्याच्या फळ्या साफ. मीही एक बन घेतला. घशाखाली उतरेना. दुसरा घेतला तेव्हा जरा उतरला.

१७ मार्च, सोमवार
पुलाजवळच्या बेकरीवाल्याने पाटी लावली आहे: सायकल मार्गाचा पहिला थांबा. मला चहा पाजला. मार्ग यशस्वी झाला असं म्हणता येईल, एका थांब्यापुरता. त्याला गिऱ्हाइकाची कमी कधीच नव्हती.
ही काल संध्याकाळी पिशव्या भरून पाव घेऊन आली. बोलत नाही. सकाळी पाव, दुपारी पाव. अक्काने फोनवर मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. उत्तर तयार ठेवलं होतं.

२० मार्च, गुरुवार
केकवाल्या बाईंना भेटायला गेलो. बसने, वेळ वाचावा म्हणून. त्यांना सांगितलं की अक्का आता तयार आहे. त्या म्हणाल्या, मी दीड महिना थांबले हो, मग दुसरीकडे जागा पक्की केली. दोन माणसंही ठेवली. वाईट बाई नव्हत्या. मला एक केकचा तुकडा दिला. मी तो खाल्ला नाही. याची नोंद व्हावी.

२४ मार्च, सोमवार
अक्का दुकान सोडणार. एकतीस तारखेला आमच्याकडे राहायला येणार, माझ्या ड्रॉइंगच्या खोलीत. हिने मला विचारलं नाही, सांगितलं.
माझी चूक झाली असं म्हणणार होतो. जेवताना म्हणायचं ठरवलं होतं, पण टीव्हीचा आवाज मोठा होता.
संकल्प: एकतीसला सकाळी मी सायकलने अक्काला आणायला जाईन. मोठ्या पुलावरून, नव्या रस्त्याने, न थांबता. दुकानाला कुलूप लागताना घरचं माणूस शेजारी असावं. ही म्हणाली, काही गरज नाही, मी जातेय, आम्ही टेम्पोतून येऊ. मी ऐकणार नाही. एक तरी गोष्ट पुरी करीन.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ७.१५
ही कालच अक्काकडे गेली. निघतो. हवा भरली आहे. गुडघा गप्प आहे.

सकाळी ९.४५
अक्काच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहितोय. पोचलो. अडीच तास. तीनदा उतरून चालावं लागलं, पण पोचलो. पहिल्या थांब्यावर वळून पाहिलं नाही. बेकरीवाल्याने हाक मारली तरी.
दुकानाला कुलूप. दारावर कागद: बेकरी बंद झाली आहे. अक्काचं अक्षर. माणसं कुणी नाहीत.

१०.०५
एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन आले. कागद वाचला, तरी मला विचारलं, पाव नाही का? म्हटलं, बंद झालं. ते म्हणाले, रोज इथूनच नेतो. आणि उभेच राहिले.

१०.२०
एक बाई. मग शाळेच्या ड्रेसमधल्या दोन मुली. मग वर्कशॉपमधला एक जण, सहा जणांचा नाश्ता न्यायला. मागोमाग आणखी सहा जण. प्रत्येक जण कागद वाचतो आणि मग मलाच विचारतो. आत्तापर्यंत अकरा गिऱ्हाइकं परत पाठवली.

१०.४०
हिचा फोन. म्हणाली, टेम्पो लवकर आला म्हणून आठलाच निघालो, अक्का घरी पोचलीसुद्धा, तुम्ही आहात कुठे? मी म्हटलं, अक्काच्या दारात.  मग अक्काने फोन घेतला.
"भाऊजी, सायकलने गेलात?"
म्हटलं, हो.
"रस्ता कसा आहे?"
चांगला आहे म्हटलं. सरळ आहे, सावलीही आहे, कुणालाही जमेल.
अक्का म्हणाली, बरं. सावकाश या.