इसिकेलींच्या डोक्यावरचा मास्क

तीर्थरूप टेवितामामांना,

सुवाहून अपिसाईचा वाकून नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? तिकडे कादावू बेटावर यंदा दालोचे कंद चांगले धरलेत असं ऐकलं. (याकोनाच्या वाट्या रिचवणं तुम्ही कमी केलंत हेही ऐकलं, पण त्यावर माझा विश्वास नाही.) मी इथे मजेत आहे, काळजी म्हणून कसली नाही.

आता गॅरेजातली गोष्ट तुमच्या कानावर आली असेल, तर ती खोटी नाही, फक्त उलट्या टोकाकडून सांगितलेली आहे. आमचे मालक इसिकेली, त्यांची मुलगी मेरेओनी जीवशास्त्र शिकते (मी जिथून पळालो त्याच कॉलेजात). ती म्हणाली, मास्क लावत जा, गाड्या रंगवताना थिनरची वाफ आपल्या पेशींत शिरते आणि डीएनए बिघडवते. म्हटलं, मग आपण जिवंत कसे? तर मामा, आतसुद्धा गॅरेज आहे! डीएनएच्या दोन पट्ट्या, एकमेकींच्या जोडीच्या. एकीवर डाग पडला की आतले कारागीर तेवढा तुकडा कापून काढतात, समोरच्या पट्टीकडे बघून नवा भरतात आणि सांधा मिटवतात. डावा दरवाजा चेपला की आम्ही उजव्याकडे बघून ठोकतो, तसंच. मग मास्क कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाली, "तुझ्याकडे एका दिवसात शंभर गाड्या आल्या तर काय करशील रे, शहाण्या?"

मला पटलं (तिचं सगळंच पटतं). दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी मास्क आणले. मालक म्हणाले, "जन्मभर हुंगतोय, मला काय धाड भरली?" आणि खोकत बसले. माझं डोकं फिरलं. होणाऱ्या सासऱ्यांच्या पेशींचा प्रश्न! मी मास्क उचलला आणि पट्टा त्यांच्या डोक्यावरून स्वतःच्या हाताने ओढून बसवला. आपल्यात वडीलधाऱ्याच्या डोक्याला हात लावणं म्हणजे केवढा अपमान, ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्या हातोड्या थांबल्या. मास्कच्या आतून ते काय बोलले ते कळलं नाही, हे बरंच झालं.

तरी मी ठाम आहे. विज्ञान माझ्या बाजूने आहे. माफीबिफी मी मागणार नाही.

तुमचा भाचा,
अपिसाई

ता. क. : शनिवारच्या बोटीने या. तुळईला टांगलेला देवमाशाचा दात आणा, मोठा, पिवळा पडलेला. रिवाजाप्रमाणे तो इसिकेलींपुढे ठेवून माझ्या वतीने माफी तुम्हीच मागा. मी मागे मान खाली घालून बसेन, तोंड उघडणार नाही (मेरेओनीने शपथ घातली आहे).

आणखी एक : लग्नासाठी दुसरा दात लागेल, पण आताच नको. मेरेओनी म्हणते, दुरुस्ती पुरी होईपर्यंत पेशी एकीची दोन होत नाही, थांबून राहते. आणि दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर मुकाट्याने स्वतःला संपवते. माझ्याशी न बोलणारे इसिकेली हे ऐकून मास्क खाली करून तिला म्हणाले, "विचार त्याला, तो स्वतःला कधी संपवतोय?"

हो मामा. मास्क खाली करून.