कंसातलं शून्य

प्रिय जितमान दाइ,

"मला ऑफिसचा नंबर पाठ आहे" हे पालुपद आधी बंद कर. तुला आहे, कबूल. तुझ्या मागून गळ्यात कार्ड अडकवून चालणाऱ्या त्या सहा परदेशी पाहुण्यांना आहे का?

इकडे सगळं तसंच. आपल्या ट्रेकिंग ऑफिसचे मालक साहुजी दुपारी दालभात खाऊन खुर्चीतच घोरतात. आपली आई रोज विचारते, वर बर्फ पडतोय का गं? मी रोज नाही म्हणते. तुझी लोकरीची टोपी मी घातलीय, ओरडू नकोस.

ती कार्डं मीच टाइप केली, आठवतं? तू टेबलावर बसून संत्रं सोलत होतास. अधिकचं चिन्ह, देशाचे आकडे, मग कंसात शून्य, मग ऑफिसचा नंबर. मी म्हटलं, साहुजी, हे शून्य देशातल्या देशातच चालतं. बाहेरून लावलं तर फोन लागत नाही, आणि पाहुण्यांचा उपग्रहाचा फोनही बाहेरचाच. तर म्हणाले, "अगं पोरी, एवढाले डोंगर चढतात, एक शून्य गाळता येत नाही होय त्यांना?" तू इतका हसलास की साल माझ्या कीबोर्डवर उडाली. मीही हसले. आणि छापलं.

परवा दुसऱ्या तुकडीतली एक बाई ऑफिसात आली. हातात आपलंच कार्ड, घामाने मऊ झालेलं. वर तळावर तिच्या नवऱ्याला धाप लागली. वाटाड्या औषधाला खाली गेलेला. दीड तास ती नंबर लावत होती, छापलाय तस्सा. माझ्यासमोर एकेक आकडा दाबून दाखवला, शून्यासकट. रागावली नाही रे. फक्त विचारलं, "माझं काय चुकलं?" नवऱ्याचं शव मायदेशी न्यायचे कागद करायला आली होती ती.

साहुजी म्हणतात, आधी जुनी कार्डं संपू देत.

दाइ, तू कायम पुढे असतोस, बर्फ तुडवत. उद्या तूच पडलास, तर त्या सहा जणांच्या हातात माझं शून्य असेल. त्यांचा फोन बॅटरी वाचवायला बंद, तुझ्याला तिथे टॉवर नाही, म्हणून ही चिठ्ठी खेचरवाल्यासोबत पाठवतेय. सहाही कार्डांवरचं शून्य पेनाने काळं कर. मी पोचेपर्यंत खिंड चढायची नाही. साहुजींना न विचारता छापलेली नवी कार्डं घेऊन मी चिठ्ठीच्या मागोमाग जीपने निघतेय. "येऊ नकोस" म्हणायला पाहुण्यांचा फोन चालू करून ऑफिसात लावशील, तर उचलायला मी तिथे नसेन.

तुझीच धाकटी बहीण,
सुकमाया