पेटीतला रिकामा खळगा

३ मार्च

वन्संना नमस्कार,

आम्ही दोघी मजेत आहोत. ‘दोघी’ लिहिताना अजून हसू येतं. तुमची भाची आज बारा दिवसांची झाली. भुकेच्या बाबतीत ती कुणाची भीडभाड ठेवत नाही. माझ्यावर गेलेली नाही, एवढं नक्की. फोनवर तुम्ही “बरं, बरं, ठेव आता” म्हणून दोन मिनिटांत उरकता, म्हणून हे पत्र. कागदाला मधेच ‘ठेव’ म्हणता येत नाही.

दवाखान्यात नर्सबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, तेव्हा मी आकड्याच्या आधी काट्याची कड पाहिली. तिथे, इथे माहेरच्या गावातही, आपल्या काटेदुरुस्तीच्या दुकानाची तपासणीची चिठ्ठी होती, तुमच्या तिरक्या सहीची. मग आकडा पाहिला. दोन किलो नऊशे. तुमची सही असल्यावर काट्याची खोटं बोलायची काय बिशाद!

खोटं बोलले होते ती मी. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते एकदाही ऐकलेलं नाही. आज ऐका.

लहानपणी घरात मला ‘गोणी’ म्हणायचे. आईसुद्धा, लाडाने. लग्नाआधी दोन वर्षं पोटाला चिमटे काढून मी अठरा किलो उतरवले. माझं वजन किती हे मी तुमच्या भावालाही कधी सांगितलं नाही. दिवस गेले तेव्हा आनंद झाला, आणि दुसऱ्या क्षणी मनात आलं, आता पुन्हा गोणी. मळमळ थांबली तरी मी ती चालू ठेवली. दुपारचं ताट खिडकीतल्या कावळ्यांना जायचं. दवाखान्यात वजन भरेना, नर्सबाई रागवायला लागल्या, तेव्हा झग्याला आतून खिसा शिवला आणि काटे तपासायच्या वजनांच्या तुमच्या पेटीतलं अर्धा किलोचं वजन घालून गेले. पुढच्या महिन्यात एक किलोचं. मग दोन. रोज सकाळी दुसऱ्यांचे काटे खरे करायचे आणि महिन्यातून एकदा स्वतःचा खोटा. लाज वाटायची, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

एकच चूक केली. ती वजनं आपण कधी उघड्या हाताने धरत नाही. बोटांचा घाम लागला तरी वजन बदलतं, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी फडकं हातात देऊन शिकवलं होतं. चोरी करताना मी फडकं विसरले, आणि परत ठेवलेल्या वजनांवर माझ्या बोटांचे ठसे राहिले.

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाई पोटावर टेप लावून कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, “वजन तर नीट वाढतंय, मग पोट का मागे?” तेवढ्यात तुम्ही दारात उभ्या, हातात ती पेटी.

“बाई, तिच्या झग्यात दोन किलो आमचं आहे. वजा करा.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टरीणबाई मात्र ओरडल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, “दोघांचं जेवण नको गं. थोडं जास्त, आणि वेळेवर. तुझ्या बांध्याला सगळे मिळून दहा-बारा किलो वाढू देत. ते नुसतं तुझं नसतं.”

मी तुमच्याशी अबोला धरला. तीन आठवडे! आणि तुम्ही काय केलंत? रोज अकराला आणि चारला माझ्या टेबलावर बशी ठेवलीत. उकडलेलं अंडं, केळं, दूध, कधी मूठभर शेंगदाणे. ठेवायची आणि माझ्याकडे पाठ करून काटा जुळवत बसायचं. बशी रिकामी झाली का, हे तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाहीत. माणसं तोलायचा मोठा काटा भिंतीकडे तोंड करून ठेवलात आणि म्हणालात, काच बदलायची आहे. काच धडधाकट होती, वन्सं. तुमच्या उभ्या आयुष्यातलं एकुलतं एक खोटं तुम्ही माझ्यासाठी बोललात.

जन्मभर मी जेवताना कुणी ना कुणी माझ्या ताटाकडे पाहत आलं होतं. पाठ करून बसलेलं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

आता शेवटचं, जे इतका वेळ टाळतेय. आठव्या महिन्यात माहेरी आले तेव्हा एक किलोचं वजन पुन्हा उचललं होतं. इथे घास उतरला नाही तर हाताशी असावं म्हणून. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, “किती सुटलीस गं!” माझा हात ताटातच थांबला. मग म्हटलं, “आई, जरा भिंतीकडे तोंड कर. मी जेवते.” आई हसली, मग माझं तोंड पाहिलं आणि खरंच वळून बसली. मी सगळं जेवले. वजन बॅगेतून बाहेर काढावं लागलंच नाही.

पेटीतला एक खळगा दोन महिने रिकामा आहे, हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मी म्हणणार नाही. तुम्ही विचारलं नाहीत. तेही पाठ करून बसणंच.

वजन तुमच्या भावाबरोबर पाठवतेय. आज सकाळी बॅगेतून काढलं, हिच्या तळव्याला टेकवलं, तर हिने त्याची वरची गुंडी घट्ट पकडली, सोडेचना. तिच्या बोटांचे ठसे आहेत त्यावर. लगेच पुसू नका. दुरुस्तीला आलेले काटे एक दिवस थांबतील.

तुमची भावजय,
आज सकाळी अठ्ठावन्न किलो